किर्तीचा करार

प्रभादेवीची किर्ती वैती नववीतच पाच फूट अकरा इंच झाली. गल्लीतल्या बायकांना तिच्या लग्नाची काळजी लागली, तेव्हा शाळेतल्या बाई तिला बास्केटबॉलच्या मैदानावर घेऊन गेल्या. मी त्याच संघात होते. चेंडू किर्तीच्या हातात गेला की आम्ही बाकीच्या निवांत मागे फिरायचो.

आम्ही तेविशीत असताना एका खासगी संघाचे मॅनेजर, हितेशभाई, कराराचे कागद घेऊन तिच्या घरी आले. एका मोसमाचे दोन लाख. किर्तीने पेन उचललंसुद्धा. तिची आई काशीमावशी नुकतीच बाजारातून मासळी विकून आली होती. तिने पेन काढून घेतलं आणि पापलेटाला अर्धा भाव सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं हितेशभाईंकडे बघितलं. तासाभरात दोनाचे पावणेतीन झाले, बुटांचा खर्च वेगळा. मग मावशीने चहा ठेवला आणि ती म्हणाली, "गुडघा मोडला तं कोन भरनार?"

हितेशभाई म्हणाले, असं आजवर कुणी विचारलं नाही.

"आता इचारलं ना. लिवा."

त्यांनी हसत का होईना, लिहिलं. किर्तीला एवढी लाज वाटली की दोन दिवस ती आईशी बोलली नाही.

ती सहा मोसम खेळली, पैसे दरवर्षी वाढत गेले. त्यातून घरावर पक्कं छत आलं, भावाच्या होडीला नवं इंजिन आलं. स्वतःसाठी तिने सुताराकडून लांबलचक पलंग करून घेतला, कारण तिला एकदाचं पाय सरळ करून झोपायचं होतं.

सातव्या मोसमात उडी मारून खाली येताना तिचा डावा गुडघा गेला. ऑपरेशनचा सगळा खर्च संघाला भरावा लागला, दरवर्षीच्या करारात मावशीने ठेवायला लावलेल्या त्या एका ओळीमुळे. त्याच वर्षी आमच्याबरोबर खेळणाऱ्या एकीचा खांदा निखळला होता, तिच्या करारात अशी ओळ नव्हती, तिच्या वडिलांनी घरातले पैसे घातले. मग मुली सही करण्याआधी कागद घेऊन मावशीकडे जाऊ लागल्या. मीही तेव्हा एका संघाकडून खेळत होते, मीही गेले. मावशीला वाचता येत नव्हतं. किर्ती वाचून दाखवायची, मावशी कोळंबी सोलता सोलता प्रश्न विचारायची.

किर्ती पुन्हा मैदानात उतरली, पण उडी पूर्वीची राहिली नव्हती. एका मोसमानंतर तिने स्वतःच थांबायचं ठरवलं. त्या दुपारी खूप रडली. मग मला ओढत हिंदमाताच्या साडीबाजारात घेऊन गेली आणि तिने तीन साड्या घेतल्या, तिच्या उंचीला तिन्ही घोट्याच्या वर येणाऱ्या.

आता ती दादरच्या एका शाळेत खेळ शिकवते. पगार तेव्हाच्या निम्माही नाही. परवा शाळेच्या मैदानावर मी तिला विचारलं, चुटपुट लागते का?

"शनिवारी मॅच बघताना लागते," ती म्हणाली. "सोमवारी पोरी येतात, मग वेळ कुठे असतो?"

आणि उशिरा आलेल्या दोघींना मैदानाला फेऱ्या मारायला लावायला ती निघून गेली.