पिठाखालचे कागद

आक्का गेल्याची बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळली. कॉलेजात दुसरा तास सुरू होता आणि फोन मी बाकाखाली धरला होता. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी आक्काचा जुना फोटो टाकला होता. डोक्यावर पदर, भुवयांवर पीठ... आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली सगळ्यात आधी हात जोडले होते ते विलासनं. विलास कोण, ते पुढं येईलच. त्या जोडलेल्या हातांकडं बघून मला रडू आलं नाही, मी वही मिटली. सरांना न विचारता बाहेर पडले आणि स्टँडवर येऊन मिळाली ती एसटी धरली. बिद्रीच्या साखर कारखान्याजवळ उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. गावात पोचले तोवर सगळं उरकून माणसं आंघोळी करून घराकडं निघाली होती. आक्काच्या पिठाच्या गिरणीला बाहेरून कडी होती. बुधवार सोडून ती कडी दिवसा लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

याला आता सव्वा महिना होईल. मी लेखिका नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं हे छापून आलं तर आईवडिलांना मलाच वाचून दाखवावं लागेल. तरी लिहिते, कारण गावातल्या शोकसभेत माईकवर जी बाई वर्णन केली गेली ती आक्का नव्हती. ‘माऊली’ म्हणाले, ‘गावची आई’ म्हणाले. बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही घरचा डबा शेवटच्या वर्षभरात तिच्या गिरणीत दळायला गेला नव्हता. आमच्या घरचाही नाही. या लेखातली नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव लिहीत नाही. गिरणी आता बंद झाली, म्हणूनच यातलं काही सांगता येतं.

आक्का आमची नात्यातली नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाला तिची पिठाची गिरणी होती. नवरा लवकर वारला, तेव्हापासून ती एकटीच चालवायची, झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायचं कामही स्वतःच करायची. प्रत्येक घरच्या डब्यावर त्या घरातल्या पुरुषाचं नाव लाल रंगानं लिहिलेलं असायचं. त्यावरून ती बायकांची चेष्टा करायची. “काय ग, नुसता दाजींचा डबाच आणलास? दाजीस्नी बी आणायचं हुतंस की. एकदा बारीक दळून दिलं असतं.” रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि त्यातल्या काहींना खरंच हसू येत नसायचं, हे तिला बरोबर दिसायचं.

बाईला ‘कुठं चाललीस?’ असं कुणी विचारत नाही, अशी गावात ती एकच जागा होती. डोक्यावर डबा असला की सासूही गप्प बसते. शिवाय गिरणी सुरू असली की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बोलणं ऐकू येत नाही. बायका आक्काच्या कानाशी लागून बोलायच्या. कुणी मारतं, कुणी पासबुक काढून घेतलंय, कुणाच्या रोजगार हमीच्या हजेरीचे पैसे नवऱ्याच्या खात्यावर जमा होतात, कुणाचा निराधारांच्या पगाराचा अर्ज सासऱ्यानं चुलीत घातला. आक्का ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई आपले कागद घेऊन यायची... आधार कार्ड, पोरांचे दाखले, जे हाताला लागेल ते. आक्का ते दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, त्याच बाईच्या एका जादा डब्यात तळाशी ठेवायची आणि वर चार ओंजळी पीठ ओतायची. तो डबा फळीवर. नवऱ्यांनी घर उलटंपालटं केलं तरी कागद सापडायचे नाहीत. “कुणी इचारलं काय हाय डब्यात, तर पीठ म्हणायचं,” ती सांगायची. “खोटं बोलाय बी लागत न्हाय.”

ती तिसरीपर्यंत शिकलेली. अर्ज लिहायला मी अकरावीपासून जात होते. “शुभे, तुझं अक्षर देखणं हाय. सायबाला वाचायचा कटाळा यीत न्हाय,” म्हणायची. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आता वाटतं, सगळं तिथूनच बिघडलं.

सुनंदा आमच्यापासून तीन घरं सोडून राहायची. विलासची बायको. विलास हंगामात कारखान्याचा ऊस ट्रॅक्टरनं ओढायचा आणि एरवी घरी असायचा, आणि घरी असला की सुनंदाच्या अंगावर त्याची खूण असायची. ती रोजगार हमीच्या कामावर जाऊ लागली होती, तळ्याचा गाळ काढायला. तिथं हजेरीसाठी दिवसातून दोन वेळा सगळ्या मजुरांचा फोटो काढून पाठवतात, तोंड उघडं पाहिजे. डोळा सुजलेला असला की सुनंदा कामाला जायचीच नाही. असे लागोपाठ काही दिवस गेले आणि मुकादमानं तिचं नाव काढून टाकलं. “कामात इंटरेस्ट न्हाय हिला,” असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. आक्का म्हणाली, तिचं स्वतःचं वेगळं कामाचं कार्ड करू, स्वतःचं खातं काढू, मग ती पोराला घेऊन खोली करून राहील. सुनंदाला तेवढंच हवं होतं. पण वेगळ्या कामाच्या कार्डाला वेगळं रेशनकार्ड मागत होते, वेगळ्या रेशनकार्डाला नवऱ्याची सही मागत होते. ती सही ज्याच्याकडं मागायची त्याच्यापासून सुटायलाच तर कार्ड हवं होतं.

आक्काची रीत अशी की दर बुधवारी, बाजारच्या दिवशी, गिरणी दुपारपर्यंत बंद ठेवून तालुक्याला जायचं आणि तहसील ऑफिसच्या व्हरांड्यात बसून राहायचं. धापा टाकत जिना चढायची. पीठ छातीत गेलेलं, वर्षानुवर्षं. मला तिची दया यायची, आणि थोडी लाजही वाटायची. कॉलेजात आम्हाला ऑनलाइन अर्ज शिकवले होते. मी म्हटलं, “आक्का, एवढे हेलपाटे कशाला? हे हितं बसून दहा मिनटांत होतंय.”

“कागुद हातात न्हाय मिळत त्येचा.”

“पावती मिळती की मोबाईलवर.”

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. “तू शिकलेली,” म्हणाली. “तुला ठावं.”

सुनंदा समोर उभी होती. मी तिच्या घरच्या रेशनकार्डाचा नंबर घातला, तर घरातल्या सगळ्यांची नावं आपोआप आली. मोबाईल नंबरही आपोआप आला, फक्त शेवटचे चार आकडे दिसत होते. मी ‘पुढे’ दाबलं. सुनंदाकडं फोनच नव्हता. मग तो नंबर कुणाचा, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी दोघींना स्क्रीन दाखवली, हिरवी खूण आली होती.

मेसेज विलासच्या फोनवर गेला. सुनंदाचं नाव कार्डावरून वेगळं करण्याचा अर्ज मिळाला आहे, असा.

तो दुसऱ्या दिवशी गिरणीत आला. रांगेत सात-आठ बायका होत्या. मी वजनकाट्याजवळ होते. त्यानं फोन पुढं धरला. “आक्के, ह्यो फॉर्म कुणी भरला?” आक्कानं गिरणी बंद केली नाही. त्याला पुन्हा ओरडून विचारावं लागलं.

“मी,” आक्का म्हणाली.

“तुला मोबाईल उचलाय येत न्हाय, आन तू फॉर्म भरतीस व्हय?”

“शिकलो की. म्हाताऱ्या माणसानं शिकू ने असं हाय काय?”

त्यानं एकदा माझ्याकडं वळून बघितलं. मी हातातला मोबाईल ओढणीखाली घेतला. एवढंच केलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की अर्ज कोण लिहितं. कुणी बोललं नाही, मीही नाही. त्यानं पायाजवळचा एक भरलेला डबा लाथेनं उलथवला आणि गेला. आक्का खाली बसून दोन्ही हातांनी पीठ गोळा करू लागली. मी वाकले तर म्हणाली, “तू जा घरी. अभ्यास कर जा.”

त्या दिवशी सुनंदाचं उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात तिनं सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. मोडक्या मनगटानं घमेलं उचलता येत नाही, त्यामुळं कामाचा प्रश्नच मिटला. विलासनं तिला गिरणीची पायरी चढायला बंदी केली. मग दूध संस्थेसमोर, पारावर, जिथं पुरुष बसतात तिथं एकच बोलणं सुरू झालं, ‘ती गिरणीवाली घरं मोडती.’ एकेका घरचा डबा स्टँडजवळच्या नव्या गिरणीत जाऊ लागला. आमच्या वडिलांनीही सांगितलं. ते वाईट नाहीत. त्यांनी माझ्या कॉलेजसाठी म्हैस विकली. “कशाला वाकड्यात शिरायचं?” एवढंच म्हणाले. स्टँड माझ्या वाटेवर, म्हणून डबा न्यायचं काम माझ्याकडं आलं, आणि आक्काच्या दारावरून गेल्याशिवाय स्टँड येत नाही.

पहिल्या दिवशी मी डबा कमरेवर घेऊन मान खाली घालून चालले होते. गिरणी बंदच होती, म्हणजे चालू नव्हती, दार उघडं होतं. आतून हाक आली, “शुभे... जोंधळा हाय का गहू?”

“जोंधळा,” मी म्हटलं.

“बारीक दळ म्हणावं त्येला. जाड काढतोय त्यो. भाकरी चिरंल तुझ्या आईची.”

तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. ती खरंच भाकरीचंच बोलत होती.

मधे बरेच महिने मी त्या दारात थांबले नाही. तिचे बुधवार चालूच होते, हे एसटीतून दिसायचं. आमची शेवटची भेट ती जायच्या महिनाभर आधी झाली. तिनंच बोलावून एक कागद वाचायला दिला. तालुक्यात कुणाकडून तरी लिहून घेतलेला सुनंदाचाच अर्ज होता, पाय ओढत चालल्यासारखं अक्षर. “तुझ्यासारकं न्हाय,” ती म्हणाली. बोलताना मधे थांबून श्वास घेत होती. मग तिनं सांगितलं, ऑफिसात एक नवी बाई आली आहे, तिनं नियमाचं पुस्तक उघडून वाचलं, आणि अशा अर्जाला नवऱ्याची सही लागतच नाही असं निघालं. पहिल्यापासून लागत नव्हती. आक्का माझ्याकडं बघत होती, जणू मी कॉलेजात जाते तर मला उत्तर माहीत असणार. “मग एवढं दिस काय मागत हुती ग ही माणसं?” मी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. माफी तेवढी मागता आली नाही. तासाला उशीर होतोय म्हणून मी निघाले. खरंच उशीर होत होता, पण बस चुकली असती तर काही बिघडलं नसतं.

आक्का गेल्यावर पाचव्या दिवशी सुनंदानं पोराला घेऊन घर सोडलं. ती कुठं आहे ते मी इथं लिहिणार नाही. माझ्या हातून तिची खबर एकदा पोचली, ते पुरे झालं. पुढच्या आठवड्यात आक्काचा पुतण्या गिरणी विकायला आला आणि फळीवरचे डबे कुणाचे ते ओळखून घेऊन जा म्हणाला. बायका मुकाट्यानं येऊन नेत होत्या. विलासच्या नावाचा एक डबा राहिला. मी आत हात घातला. पिठाखाली पिशवी, पिशवीत सुनंदाचं नवं कामाचं कार्ड. तिचा फोटो, आणि ‘कुटुंबप्रमुख’ याच्यापुढं तिचंच नाव. तारीख आक्का जायच्या दोन आठवडे आधीची होती. कार्ड आलं होतं, पण सुनंदा गिरणीत येऊ शकत नव्हती आणि आक्काला तिच्या दारात जाता येत नव्हतं. माझ्या हातात दिलं असतं तर मी पोचवलं असतं, असं मला फार म्हणावंसं वाटतं. पण तिनं ते माझ्या हातात द्यावं असं मी काय केलं होतं?

मी डबा घेऊन सुनंदाकडं गेले. ती पोराचं डोकं विंचरत होती, डाव्या हातानं. मी म्हटलं, “तो फॉर्म मी भरलेला, वैनी.”

“ठावं हाय की. मी समोरच हुतो न्हवं?” ती म्हणाली. कंगवा थांबला नाही. “त्यो गिरणीत आला तवा बोलायचं हुतंस. तुला काय केलं नसतं त्यानं. तू कालेजात जातीस.”

तिनं पिशवी काढली, कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं. “हितं चालतंय हे?”

“न्हाय. आपल्या गावातच.”

“म्हंजे आदी तिथं जाऊन मार खायाचा, मग कामाला जायाचं,” ती म्हणाली आणि हसली. डब्यातलं पीठ चिमटीनं चाखून तिनं तोंड वाकडं केलं. कडू झालं होतं. ते तिनं बाहेर टाकलं, कार्ड पुन्हा पिशवीत घालून तळाशी ठेवलं, वर आपल्या घरचं ताजं पीठ ओतलं आणि डबा माझ्याकडं सरकवला. “तुझ्याकडं राहू दे. माझ्या खोलीला कुलूप न्हाय. आन आता आक्का बी न्हाय.”

म्हणून हे लिहिलं. विलासदादा, फॉर्म मी भरला होता. आक्कानं नाही. त्या दिवशी तुम्ही दोनदा विचारलं होतं, मी आता उत्तर देते आहे, आणि ज्यांच्यासाठी द्यायचं होतं त्यांतली एक ऐकायला नाही आणि दुसरीच्या मनगटाचं हाड वाकडं जुळलंय.

डबा कुठं ठेवलाय ते सांगत नाही. दर पंधरा दिवसांनी वरचं पीठ बदलावं लागतं, नाहीतर कडू होतं आणि अळ्या पडतात. त्या दिवशी परत येताना तो मांडीवर घेऊन एसटीत बसले होते. तिकीट फाडताना कंडक्टरनं झाकणावर पेनानं टकटक केलं. “काय हाय ह्यात?”

“पीठ,” मी म्हणाले. आक्का म्हणायची तसं ते सहज निघालं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा म्हणाले.