गिअर ऑईल खालून भरतात: भोपाळहून तवा, बोटीच्या पायासाठी

जोशींनी आमच्या बोटीत झेंडू लावायचं ठरवलं होतं, म्हणून हा प्रवास करावा लागला.

जोशी म्हणजे आमच्या यांचे कारखान्यातले जुने सहकारी. मूळचे इंदूरचे, राहायला कोटरा सुल्तानाबादला. निवृत्तीनंतर त्यांनी होशंगाबाद रोडवर हॉटेल काढलं. हॉटेलच्या लॉनवर त्यांना एक खरीखुरी बोट हवी होती. आत माती भरून झेंडू, भोवती दिव्यांच्या माळा, आणि पुढे उभं राहून लोकांनी फोटो काढायचे. "इंजन बंद असलं तरी चालेल वहिनी," ते म्हणाले. "उलट बढिया. रातोरात कोणी चालवून तर नेणार नाही."

बोट यांनी निवृत्त झाल्यावर कोकणातल्या एका गृहस्थांकडून घेतली. ती तवा धरणाच्या पाण्याजवळ, एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये, ट्रॉलीवर असते. तिचं इंजिन गाडीसारखं आतच बसवलेलं आहे आणि मागे पाण्यात एक धातूचा पाय लोंबतो, त्याच्या टोकाला पंखा. या पायाला स्टर्न ड्राइव्ह म्हणतात. गेल्या हंगामात बोट वेग घेतला की रडायची. बारीक, लांब, कान किटवणारा आवाज. जोशींचं निदान झालं होतं: गिअर गेले.

मुंबईहून मेकॅनिक बोलवायचा तर त्याचं येणं-जाणं, राहणं, जेवण, आणि शेवटी "पार्ट मागवावा लागेल" हे वाक्य. मी सांगून टाकलं की या वर्षी पायाचं काम आपणच करायचं. दोन दिवसांत आवाज थांबला तर बोट राहील. नाही थांबला तर ती जोशींच्या लॉनवर जाईल आणि ते देतील त्या पैशांत माझ्या स्वयंपाकघराचा ओटा बदलला जाईल. ओट्याला गॅसजवळून सिंकपर्यंत चीर गेली आहे आणि ती मी रोज बघते. यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी दुसरी पोळीही घेतली नाही.

बाग सेवनियाहून शाळेच्या बस सुटायच्या आत निघालो. तुम्हीही तसंच करा, नाहीतर मंडीदीपपर्यंत ट्रकच्या मागे रांगत जाल. ओबेदुल्लागंजला पोहे-जलेबी आणि चहा, दोघांचं शंभर रुपयांत भागलं. पोह्यांवर शेव मागून घ्या, आपणहून कमी घालतात. पुढे जंगलाचा पट्टा लागतो. रस्ता उत्तम, माकडं धीट, काचा बंद. मग बुधनी आणि नर्मदेचा पूल. पुलावर यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हात जोडले. स्टिअरिंग मी धरलं. नदीला नमस्कार बाजूला बसलेल्या माणसाने करावा, हे मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे.

पाटीवर नर्मदापुरम आहे, आमच्या तोंडी अजून होशंगाबादच. इटारसीच्या बाजूने तवानगरकडे वळलं की रस्ता अरुंद होतो आणि गतिरोधकांवर रंग नाही, तेव्हा जपून. वाटेत दाल-बाटी खाल्ली. तुपाला नाही म्हणू नका, बाटी घशात अडकते. लॉजची खोली साधी, चादरी स्वच्छ, गरम पाणी बादलीने आणि मागितलं तरच.

दुपारी शेडमध्ये गेलो. बोटीवर इतकी धूळ होती की कोणी तरी बोटाने त्यावर बदाम काढला होता. आधी मी झाडून घेतलं. हे म्हणाले, "आपण गिअर बघायला आलोय." मी म्हणाले, घाणीत उघडलेली वस्तू घाणीतच बंद होते.

कामाची सुरुवात पंख्यापासून. त्याच्या मागे दांड्यावर मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली निघाली, केसांच्या गुंतवळीसारखी. ही दरवर्षी काढायचीच, नाहीतर आतलं रबर कापलं जातं आणि पाणी गिअरमध्ये शिरतं. शेडच्या दारात बसून जाळं सांधणाऱ्या एका कोळीणबाईंनी ती पाहिली आणि शांतपणे हात पुढे केला. "लाओ, हमारी ही होगी." दिली.

मग खरी परीक्षा. पायाच्या तळाशी एक स्क्रू असतो आणि वर एक. खाली डबा धरायचा, दोन्ही उघडायचे, जुनं तेल आपोआप उतरतं. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. हा डबा सांभाळून परत न्यायचा, हेही लिहून ठेवते. धरणाचं पाणी लोक पितात.

तेल आलं. काळपट, पण दुधाळ नाही. एक घोर मिटला.

दुसरा उरला होता. खालच्या स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्याला गिअरची झीज चिकटते. मऊ लेप असेल तर ते रोजचं वापरणं. त्यात धातूच्या कपच्या असतील तर गिअर गेले, म्हणजे बोट गेली. यांनी स्क्रू हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रू माझ्याकडे दिला.

"तूच बघ."

मी तो लेप चिमटीत घेऊन चोळला. पुन्हा चोळला. "काजळ आहे," मी म्हणाले.

"नक्की? काही टोचत नाही?"

"जन्मभर डोळ्यांत घातलंय. मला विचारता?"

हे खाली पत्र्याच्या डब्यावर बसले. पण मला डब्यातलं तेल कमी वाटत होतं. मॅन्युअल काढलं, मापून पाहिलं, तर हवं त्यापेक्षा बरंच कमी. जमिनीवर गळती नाही, पायावर ओघळ नाही. मग गेलं कुठे?

"गेल्या वर्षी तेल कोणी बदललं?" मी विचारलं.

"मेकॅनिकला वेळ नव्हता," हे म्हणाले. "मीच बदललं."

"घरी बोलला नाहीत ते."

"तू म्हणाली असतीस ना."

"काय म्हणाले असते?"

"आता म्हणते आहेस तेच."

"मी अजून काही म्हटलेलं नाही. भरलं कुठून?"

"वरून. तेल वरून नाही तर कुठून भरतात?"

मॅन्युअलमध्ये चित्र होतं. या पायात तेल खालून भरतात. तळाच्या भोकाला पंप लावायचा आणि वरच्या भोकातून तेल येईपर्यंत ढकलत राहायचं, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. वरून ओतलं की हवा पोटात अडकते, तोंडाशी तेल दिसतं आणि आपल्याला वाटतं भरलं. वरचे गिअर पूर्ण हंगाम अर्धे कोरडे फिरत होते, म्हणून रडत होते. सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल भरण्यात गेलेल्या माणसाला मॅन्युअल वाचणं कमीपणाचं वाटलं, दुसरं काही नाही. मी ते पान उघडं करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं आणि चहा सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलं. काम दोन माणसांचंच आहे. मी खाली बसून पंप मारत होते, हे वरच्या भोकाशी डोळा लावून. आधी बुडबुडे आले, खूप वेळ आले. मग सरळ धार.

"आलं," हे म्हणाले.

"बुडबुडे?"

"नाही. बंद करतो वरचं."

क्रम चुकवू नका. वरचा स्क्रू आधी, मगच खालचा पंप काढून झटकन तळाचा. वर बंद असलं की खालून फारसं सांडत नाही. आणि वॉशर दोन्हीकडे नवे. जुना वॉशर भोकाला चिकटून बसतो, तो नखाने खरवडून काढा. आमचा तसाच चिकटला होता, नव्याखाली तसाच राहिला असता.

इतक्यात जोशी आले. ट्रॅक्टर घेऊन, बोट ओढून न्यायला. हातात झेंडूचा हार. "शुभकार्य आहे म्हटलं," ते हसत म्हणाले. माझे कोपरापर्यंत काळे हात पाहून त्यांनी मान हलवली. "काय वहिनी, कशाला मेहनत? लोक येतील, फोटो काढतील, खाऊन जातील. बोटीचं पण नाव होईल."

"ट्रॅक्टर आणलाच आहे तर पाण्यापर्यंत न्या," मी म्हणाले.

तिघं बोटीत बसलो. बोट पाण्यात उतरल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नसतं, म्हणून आतापर्यंत एकदाही ऐकलेलं नव्हतं. सुरू झालं. काठाशी हळू चाललं, पण हळू तर ते गेल्या वर्षीही गप्पच असायचं. मोकळं पाणी आलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेग वाढवला. जोशी हॉटेलच्या मेन्यूबद्दल सांगत होते.

"जोशी, दोन मिनिटं गप्प बसा."

ते बसले. पाणी बाजूंनी फाटत होतं, इंजिन घुमत होतं, आणि ज्या जागी रडणं सुरू व्हायचं ती जागा आली आणि मागे पडली. हे पुढे बघत होते. कान लाल झाले होते. लग्नातल्या फोटोतही तसेच आहेत.

शेवटी जोशीच बोलले. "वहिनी, ही तर मिक्सरपेक्षा कमी आवाज करते हो."

"सुकाणू द्या इकडे," मी यांना म्हणाले. परतताना बोट मी चालवली. झेंडूचा हार जोशींनी स्वतःच पुढच्या कड्याला बांधला. फुकट कशाला घालवायचा, म्हणाले. बोट थंड झाल्यावर तेलाची पातळी पुन्हा बघितली आणि मगच शेडला कुलूप लावलं.

जोशींच्या लॉनवर आता बैलगाडी आहे. झेंडू तिच्यात लावलेत. परवा जेवून आलो, कोफ्ते बरे आहेत. बिट्टन मार्केटच्या बाजारात भाजी घेताना मात्र माझी नखं अजून काळी दिसतात. भाजीवालीने विचारलं, "माताजी, गाड़ी का काम करती हो?" मी म्हटलं, "नहीं, नाव का." म्हणजे बोटीचं. तिने मेथीची जुडी पिशवीत टाकली.

ओटा तोच आहे, चिरेसकट. त्यावर मिक्सरच्या शेजारी धुतलेला तेलाचा पंप वाळत असतो. तिथे तो मीच ठेवला आहे.