आमच्या दाजींचा एकुलता एक शब्द

इंग्रजी भाषेतले सगळे शब्द उद्या कुणी गोळा करून परत नेले आणि चुकून एक 'सेट' तेवढा मागे राहिला, तरी आमच्या दाजींचं काहीही अडणार नाही. त्यांना दुसरा शब्द कधी लागलाच नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुक्काम कसबा बावडा. सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत सेटर म्हणून झाली. नवा जॉब, म्हणजे घडवायचा नवा भाग, आला की यंत्राला हत्यार बांधायचं, मापं जुळवायची आणि यंत्र चालवणाऱ्याच्या हवाली करायचं, हे सेटरचं काम. पगार ज्या शब्दाचा मिळतो तो शब्द कारखान्यात ठेवून घरी यावं, हे दाजींना पटलं नाही. ते तो रोज डब्याबरोबर घरी घेऊन येत.

मग त्या शब्दाला कामाची काय कमी? पाहुणे जेवून उठले की सेट. उसाला पाणी पाजून झालं की सेट. गाडीचा ब्रेक, सुनेचा स्वभाव, मिरचीचा ठेचा, गल्लीतली निवडणूक, सगळं एक तर सेट असायचं, नाही तर 'सेट करायला पायजे' असायचं. माझ्या लग्नाची बोलणी मलकापूरला झाली. मधे पडायला दाजी होते. आतल्या खोलीत दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बराच वेळ घासाघीस करत बसली होती आणि मी बाहेर पोहे चिवडत होतो. दाजी दार उघडून आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सेट!" माझे होणारे सासरे मागून घाबरेघुबरे होऊन आले. "पावणं, काय सेट?" दाजी म्हणाले, "सगळंच की!" आता इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगतो, त्या बोलण्यांचा याहून नेमका वृत्तांत कुणाला देता आला नसता.

एकदा गाडीवरून पडून माझा हात मोडला. डॉक्टर प्लास्टर घालत होते आणि दाजी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "हाड सेट झालं का?" डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "अगदी बरोबर शब्द वापरलात बघा!" झालं. माझा हात राहिला बाजूला, दाजी दवाखान्यातून सत्कार झाल्यासारखे बाहेर पडले. पुढं माझ्या मुलीनं कॉलेजातून बातमी आणली, की इंग्रजी शब्दकोशात या एका शब्दाचे अर्थ पानंच्या पानं चालतात. दाजींना नवल वाटलं नाही. "तर! इंग्रज काय खुळा हाय व्हय? एवढं राज्य केलं त्यानं, एक तरी शब्द दणकट ठेवंलच की."

या दणकट शब्दाला घरात एकच वैरी होता, तो म्हणजे अक्का. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र शब्द, आणि तो ज्याचा त्यालाच मिळायचा. "दही सेट होत नसतंय, दही लागतंय. लगीन जमतंय. हाड बसतंय. सून रुळती, चप्पल सरावती, स्लॅब धरतोय, दिवस मावळतोय. तुमचं आपलं एकच पातेलं, त्यातच च्या आन् त्यातच आमटी!" दाजी म्हणायचे, "एवढं शब्द ठेवायला घरात जागा कुठाय?" अक्का म्हणायची, "तुमच्या डोक्यात मोकळीच हाय की." हे भांडण मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि ते ऐकायला म्हणून मुद्दाम बावड्याला जात आलो. अक्कानं 'सेट' हा शब्द जन्मात कधी उच्चारला नव्हता. टीव्ही सेटलासुद्धा ती 'ते खोकं' म्हणायची.

दाजींच्या कामाची मात्र तिलाही ऐट होती. मी एकदा कारखान्यात गेलो होतो. नवा जॉब लावून दाजी डोळे मिटून, तळवा यंत्रावर ठेवून उभे होते. पहिला पीस निघाला, त्यांनी मापला, तो चुकला होता. पोरं हसली. दाजींनी तो भंगारात टाकला नाही, पुसून यंत्राच्या डोक्यावर ठेवला. "पैला पीस वाकडाच येतोय, मेव्हणं. त्याला शिव्या द्यायच्या न्हाईत आन् टाकायचा बी न्हाई. कुठं किती सरकायचं, त्योच सांगतोय." जॉब संपेपर्यंत तो तुकडा तिथंच राहिला.

गेल्या वर्षी अक्काला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, पण वाचा गेली. तिला सगळं समजत होतं, शब्द ओठांपर्यंत येत होते आणि तिथून माघारी फिरत होते. त्या घरात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. मला ती सोसेना, मी जायचा कंटाळा करू लागलो. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोजच्या वापरातले शब्द पुन्हा पुन्हा तिच्या कानावर पडू द्या, येतील किंवा येणार नाहीत. मग दाजींनी ते काम अंगावर घेतलं.

सकाळी हात धरून ते तिला घरभर फिरवायचे. पातेल्यावरचं झाकण काढायचे. "हे बघ. दही लागलं. म्हण, लागलं." दारात यायचे. "चप्पल सरावली." संध्याकाळी गच्चीवर न्यायचे. "दिवस मावळला." शब्द अडला की जीभ कुठं अडते ते बघायचे आणि उद्या जरा वेगळ्या बाजूनं सुरुवात करायचे. या सगळ्यात 'सेट' एकदाही नव्हता. मी विचारलं, "दाजी, तुमचा शब्द सोपा आहे, तो का शिकवत नाही?"

"त्यो माझा हाय," ते म्हणाले. "माझा शिकवला तर बोलंल ती. पर ती बोलल्यागत वाटायचं न्हाय मला. तिचं तिला परत द्याय पायजेत."

"आणि एवढे सगळे तुमच्या लक्षात कसे राहिले?"

"जलमभर बोलणी खाल्ल्यात की त्यापायी!"

गेल्या रविवारी गेलो, तेव्हा दोघं स्वयंपाकघरात होते. दाजींनी पातेलं तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. "दही काय झालं? ला... ला..." अक्कानं दह्याकडे पाहिलं, मग दाजींकडे. तिचे ओठ हलले, एका बाजूला जरा वाकडे झाले, आणि स्पष्ट आवाज आला, "सेट."

मी ओरडलोच. दाजींनी पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाले, "न्हाय, न्हाय, लागलं म्हण," पण त्यांचा आवाज धड लागत नव्हता. अक्काच्या डोळ्यांत पूर्वीची ती खोडी चमकली. ती पुन्हा म्हणाली, "सेट."

दाजींनी खांद्यावरच्या टॉवेलनं आधी डोळे पुसले, मग पातेल्याचा काठ पुसला. "पैला पीस हाय, मेव्हणं," ते म्हणाले. "वाकडा येतोयच."

ते दही त्या दिवशी त्यांनी कुणाला खाऊ दिलं नाही. झाकण ठेवून पातेलं फडताळाच्या डोक्यावर ठेवून दिलं.