क्रशरच, पण सावकाश

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमच्या ह्यांनी मला सांगितलं होतं, की ते एक गाणं बनवतायत. एकच. स्टोनर मेटल म्हणे, जड आणि संथ गिटारचं कसलंसं इंग्रजी संगीत. मी म्हणाले, आमच्या माहेरी खडीचं स्टोन क्रशर होतं, तसलं काही का? त्यांनी माझ्या चेष्टेचा अगदी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "क्रशरच, पण सावकाश."

त्यानंतर मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तळेगाव ढमढेऱ्यात भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही स्वतःचं घर केलं, तरी ह्यांचं गाणं आपलं चालूच. कंपनीतून शिफ्ट करून यायचे, चहा घ्यायचे, कानाला हेडफोन लावून गिटार मांडीवर घ्यायचे. जो काही आवाज व्हायचा तो त्यांच्या कानात. आम्हाला बाहेर ऐकू यायचं नुसतं टिंग, मग बऱ्याच वेळानं टुंग. इलेक्ट्रिक गिटार बाहेरून अशीच वाजते, डब्याला ताणून बांधलेल्या रबरासारखी. "अहो, जेवायला चला," मी ओरडायची. ऐकू कुठलं जातंय? शेवटी जाऊन खांदा हलवायची. पाहुणे आले की हळूच विचारायचे, दाजी काय दुरुस्त करतायत? मी म्हणायची, त्यांनाच विचारा, कळलं तर मलाही सांगा.

यंदा उन्हाळ्यात एका रविवारी म्हणाले, "झालं." चेहरा असा, की घरात कुणी आजारी आहे.

"नेटवर टाकायचं का न्हाई ते तू सांग," म्हणाले. "तू नको म्हणलीस तर पुसून टाकतो. परत विषय न्हाई."

मला घामच फुटला. खोटं बोलणं मला जमत नाही, तोंडावर लगेच दिसतं. एवढ्या वर्षांचं ते टिंग-टुंग वाईट निघालं तर ह्या माणसाला मी काय सांगणार होते?

हेडफोनवर ऐकू द्यायला ते तयार नव्हते. वडगाव रासाईला आमच्या शेतात पत्र्याची शेड आहे, तिथं त्यांनी साऊंडवाल्या चाचांना बोलावलं. चाचा लग्नात, उरुसात माणसाएवढे स्पीकरचे बॉक्स लावतात. भर दुपार, ऊस तुटून रान मोकळं झालेलं. चाचांनी वायरी जोडल्या आणि थोड्या वेळानं विचारलं, "गाणं कवा सुरू हुनार?"

ते सुरू झालेलं होतं. चाचांना वाटलं, वायर कुठंतरी लूज आहे म्हणून घुमतंय. ते बॉक्सच्या मागं बघायला गेले आणि तिथंच उभे राहिले.

मला ते आधी पायाखालून आलं. एक सूर निघाला तो थांबेचना, आता संपला असं वाटेपर्यंत त्याच्या खालून दुसरा उठायचा, आणखी जड. शेडचे पत्रे थरथरायला लागले, मग माझ्या बरगड्या. मला भीती वाटली, खरंच वाटली, आणि तरी तिथून हलावंसं वाटेना. भाजीत मीठ नसलं तरी न बोलता जेवून उठणारा हा माणूस, ह्याच्या आत हे होतं? एवढं अफाट काहीतरी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं रोज वाजत होतं, आणि मी भाकरी गार होतेय म्हणून त्याला हलवत होते. मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते, पण कशाचं होतं ते अजूनही सांगता यायचं नाही.

संपल्यावर मी ह्यांच्याकडं पाहिलं. शेडच्या दारात उकिडवे बसून बॉक्सकडं असे बघत होते, जणू गाणं दुसऱ्याच कुणाचं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं त्यांनीही ते फक्त कानातच ऐकलं होतं. मोकळ्यावर, एवढ्या मोठ्यानं, त्यांनाही आजच ऐकू आलं होतं.

मी शेजारी जाऊन बसले. "विचारा की आता," मी म्हणाले.

"काय?"

ते खरोखर विसरले होते.

"टाका नेटवर," मी म्हणाले. "घरात मावायचं न्हाई हे."