निजलेलं गलबत

अंजनवेलीत आमच्या वाडीला ना ख्रिस्ती घर, ना चर्च; तरी दर वर्षी नाताळ आमच्या पडवीत व्हायचा. करणारे तिघे म्हातारे. एक मुसाचाचा, दुसरे अस्लमचाचा आणि तिसरे माझे सासरे काशीराम, त्यांना मी आबा म्हणायची. तिघांनी उमेदीची सगळी वर्षं विलायतेच्या आगबोटींवर काढली होती. त्या दिवसाला ते नाताळ म्हणत नसत. बोटीवरच्या खलाशांच्या बोलीत तो ‘बडा दिन’. विहिरीवर बायका मला छेडायच्या, राहीबाई, यंदा नाताळाला काय बेत? मी सांगायची, चहाचा बेत आहे आणि तुम्हाला आमंत्रण नाही.

मला त्या दिवसाचा राग यायचा. नवरा मुंबईला गिरणीत, घरात बाईमाणूस मी एकटी, कामं डोक्यावर, आणि हे तिघे सकाळपासून पडवी अडवून बसणार. त्यातही मुसाचाचा सगळ्यांच्या आधी हजर. खांद्यावर टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेली बाटली, आणि पायरी चढायच्या आत पहिला प्रश्न, चहा टाकला का?

मुसाचाचा बोटीवर सुखाणी होते, म्हणजे सुकाणू धरणारे. नोकरी संपवून ते कायमचे घरी आले त्याच पावसाळ्यात त्यांची बायको कनीजचाची गेली. ती बाई आयुष्यभर दारात वाट बघत बसली, आणि वाट बघायचं कारण संपलं तेव्हा तीच उरली नाही. एकुलती मुलगी हफीजा केळशीला दिलेली. खाडीकाठचं त्यांचं घर चांगलं मोठं होतं, पण चूल एका माणसापुरती पेटायची. चाचा पाय फाकवून चालायचे, जमीन अजून हलतेय असं समजून. बोलणं कमी आणि चुका काढायची हौस दांडगी. माझा चहा त्यांना जन्मात पटला नाही. कधी पातळ, कधी गोड, कधी उशिरा. प्यायचे मात्र दोन कप.

तिघांना नाद एकच, बाटलीत गलबत बसवण्याचा. बोटीवरच्या कुणा म्हाताऱ्या मिस्त्रीकडून चाचा तो शिकले आणि बाकी दोघांना त्यांनीच बिघडवलं. लाकडाचं गलबत इतकं बारीक कोरायचं की बाटलीच्या गळ्यातून आत जाईल. त्याच्या डोलकाठ्या बुडाशी हलत्या ठेवायच्या आणि आडव्या निजवायच्या. बाटलीत आधीच निळ्या रंगाची लांबी थापून समुद्र केलेला असतो, सुतार खिडकीच्या काचेला लावतात तीच लांबी. गलबत त्यावर टेकवलं की एक दोरा बाटलीच्या तोंडातून बाहेर लोंबत राहतो. तो ओढला की आतल्या काठ्या उठतात, शिडं उघडतात, आणि बघणारा तोंडात बोट घालतो, हे एवढं थोरलं आत गेलं कसं? मग तारेच्या टोकानं दोऱ्यावर सरसाचा थेंब सोडायचा, तो वाळेपर्यंत दोरा ताणून धरायचा आणि शेवटी कापून टाकायचा.

बड्या दिनाला साहेबलोक एकमेकांना विचारायचे, तुम्ही काय दिलंत, तुम्हाला काय मिळालं? सुकाणूवर उभं राहून चाचांनी ते दर साली ऐकलेलं. गावी आल्यावर तिघांनी त्याची नक्कल थट्टेनं सुरू केली आणि बघता बघता थट्टेचा रिवाज झाला. नियम चाचांचे, आणि ते कडक. आपलं गलबत आपल्या हातानं उभं करायचं नाही. देणारा बाटली आणणार ती काठ्या निजलेल्या ठेवून. ज्याला मिळालं त्यानंच दोरा ओढायचा. सरस वाळला की दोरा कापायचा तो मात्र देणाऱ्यानं. मग एकानं दुसऱ्याला विचारायचं, “काय दिलास? काय मिळाला?” सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असायचं, तरी विचारायचं, आणि समोरच्यानं नवी खबर असल्यासारखं सांगायचं. न विचारता सांगायला बंदी होती. त्यानंतर दुपारपर्यंत एकमेकांच्या शिडांची आणि रंगाची नालस्ती चालायची.

त्यात ते दारूबंदीचे दिवस, आणि ह्यांच्याकडे विलायती दारूच्या बाटल्या! गुहागरहून एकदा हवालदार चाचांच्या घरी चौकशीला आला. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाकडे ओळीनं मांडलेल्या बाटल्या आणि प्रत्येकीत एक गलबत बघून तो बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. शेवटी चाचांनी त्याला वास घ्यायला लावला. सरसाच्या वासानं बिचाऱ्याला ठसका लागला आणि तो चहासुद्धा न घेता गेला.

मग अस्लमचाचा मुलाकडे कराचीला गेले ते गेलेच. राहिले दोघे. आबा म्हणाले, आता देणं-घेणं कसलं, अदलाबदल झाली ही. पण थांबवायचं नाव दोघांनीही काढलं नाही.

छप्पन साली पावसाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. आधी पाय सुजले, मग हात. मी म्हणायची, ते लाकूड बाजूला ठेवा, जीव सांभाळा. ते ऐकतील तर शपथ. खिडकीशी टेकून कोरत राहायचे. चाचा रोज संध्याकाळी यायचे, की आबा बाटली खाटेखाली ढकलायचे आणि हात गोधडीत घ्यायचे. बाटली लपवायची ती रिवाजाप्रमाणे, आणि हात लपवायचे ते चाचांनी सूज बघू नये म्हणून. दोघे बोलायचे काय, तर वारा कुठला आहे आणि दाभोळला बोट लागली का. दिवाळी झाली आणि आबा गेले.

चाचा लोकांच्या मागे स्मशानापर्यंत आले, लांब उभे राहिले आणि परत गेले. त्यानंतर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं, आता पडवी माझी. आणि तसं वाटल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, ते काही वाटलं नाही.

बड्या दिनाला सकाळी बघते तर चाचा पायरीवर उभे. खांद्यावर टॉवेल, टॉवेलात बाटली. ह्या खेपेला चहाचं विचारलं नाही. आपल्या जागी बसले, बाटली आबांच्या जागेसमोर ठेवली आणि खाडीकडे बघत राहिले. मी चहा दिला, तर त्याला नावंसुद्धा ठेवली नाहीत. मी आत गेले आणि आबांच्या खाटेखालची बाटली आणून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आबांनी तुमच्यासाठी पुरं केलंय.

चाचांनी ती उजेडात धरली, फिरवून फिरवून बघितली, दोन बोटांत दोरा धरला आणि हळूहळू ओढला. काठ्या उठल्या. पुढची नीट उभी राहिली. मधली थोरली काठी उठता उठता वर काचेला टेकली आणि तिथंच अडली, तिरकी. चाचांनी दोरा सैल करून पुन्हा ओढला. पुन्हा तेच. अशी चूक आबांच्या हातून कधी झाली नव्हती. काठी बाहेर उभी करून बघितली तर ठीक दिसते. उंच झाली हे आत गेल्यावरच कळतं, म्हणून माप आधी घ्यायचं. आणि माप सगळे बोटांनीच घ्यायचे, काठी चार बोटं, शीड तीन बोटं.

चाचांनी आपली चार बोटं बाहेरून काचेला लावली. काठी त्याहून वर गेली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “त्यांचे हात सुजले होते, चाचा. तुम्हाला दाखवत नव्हते.”

त्यांनी दोरा सोडला नाही, ताणून तसाच धरला. थोड्या वेळानं सरसाची डबी उघडून तारेनं थेंब सोडला आणि म्हणाले, “वाऱ्यात गलबत असाच कलता. ऱ्हाऊ दे.” आयुष्यभर दुसऱ्याच्या काठीतला केसभर बाक काढून दाखवणारा माणूस! सरस वाळला तसा त्यांनी दोरा माझ्यापुढे केला. देणाऱ्याच्या घरचं माणूस म्हणून मी तो आबांच्या वस्तऱ्यानं कापला.

मग मी त्यांच्या बाटलीकडे हात नेला. म्हटलं, तुमचंही उभं करूया, मी ओढते.

“ता काशीरामाचा हाय,” चाचा म्हणाले. त्यांनी बाटली उचलली, टॉवेलात गुंडाळली आणि घरी घेऊन गेले. कललेलं गलबत मात्र माझ्याकडेच ठेवायला सांगितलं. म्हणाले, आमच्या घरात बघायला कोण आहे? मी ते पडवीतल्या फळीवर ठेवलं.

पुढच्या बड्या दिनाला ते पुन्हा आले, तीच बाटली घेऊन. नवीन केलंच नव्हतं. करणार कुणासाठी? बाटली आबांच्या जागेसमोर ठेवली, चहा प्याले आणि ऊन पायरीवर आलं तशी परत नेली. मी आतून बघत होते. चाचा दोनदा घसा खाकरून तयार झाले आणि दोनदा गप्प बसले. काय अडलंय ते मला कळत नव्हतं असं नाही. कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा नियम त्यांचाच, आणि विचारणारा उरला नव्हता. पण तो प्रश्न पुरुषांचा, बोटीवरचा. तो मी कसा विचारायचा, म्हणून मी भांडी घासत बसले.

असा माणूस किती दिवस तग धरणार? हफीजा केळशीहून येऊन बापाला घेऊन जायला बघायची. एकदा घेऊनही गेली, तर चार दिवसांत चाचा परत. तिकडं समुद्र दिसतो पण ओळखीचा नाही, म्हणाले. घरात दिवसभर कुणाचा आवाज नाही म्हणून ते स्वतःशी सुकाणूचे हुकूम बोलायचे, हे शेजारची येसूबाई हसत सांगायची. मला हसू आलं नाही. मुंबईहून नवरा येतो तो शिमग्याला. त्याच्या वाटेवर डोळे लावून मीही रात्री भांड्यांशी बोलते, हे येसूबाईला कुठं माहीत होतं?

अठ्ठावन्नच्या बड्या दिनाला चाचा आले ते काठी टेकत. बाटली टॉवेलातून काढली, पण आबांच्या जागेसमोर ठेवली नाही. बराच वेळ मांडीवर घेऊन बसले आणि मला हाक मारली. दोऱ्याचं टोक दाखवलं. खाऱ्या हवेनं ते पिवळं पडून विसविशीत झालं होतं.

“काशीराम काय येत नाय,” ते म्हणाले. “राही, आता हा तुजा. तू ओढ.”

मी हात पदराला पुसले. त्यांनी सांगितलं तसा दोरा दोन बोटांत धरला, श्वास रोखला आणि अगदी हळू ओढला. आत काठ्या हलल्या. मधली वीतभर समुद्रावरून डोकं वर काढते न काढते तोच माझ्या हाताला झटका बसला. दोरा गळ्याच्या आत तुटला होता. काठ्या पुन्हा आडव्या झाल्या. तुटकं टोक माझ्या बोटांत आणि बाकीचा दोरा आत, जिथं कुणाचं बोट पोचणार नाही.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. चाचा रडले नाहीत. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, आत बघितलं आणि म्हणाले, “तुजी चूक नाय. मीच ठेवला इतके दिस.” चहाचा कप तसाच. घसा खाकरला आणि खाडीकडे तोंड केलं.

त्या वेळी मला राहवलं नाही. मी आबांच्या जागेवर जाऊन बसले आणि विचारलं, “चाचा, काय दिलात? काय मिळालं?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग पाठ ताठ केली, सुकाणूवर उभे राहिल्यागत, आणि नवी खबर द्यावी तशा आवाजात सांगितलं, “दिला एक गलबत. उठला नाय. मिळाला एक गलबत. कलता हाय.” जरा थांबून म्हणाले, “दोन्ही तुज्याच फळीवर ऱ्हाऊ देत.”

मी हो म्हटलं. आता रिवाजाप्रमाणे त्यांची पाळी होती. “आनि तुना काय मिळाला, राही?”

हा प्रश्न मला कुणी कधी केला नव्हता. मी त्यांच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. मग म्हटलं, “गलबत मिळालं, चाचा.”

“आनि दिलास काय?”

“चहा.”

ते कपाकडे वळले, निवलेला चहा एका दमात प्याले आणि म्हणाले, “पातळ हाय.” मी दुसरा कप आणला.

ऊन पायरीवर आलं तसे ते निघाले. दर वर्षी परत नेताना बाटली ज्या टॉवेलात गुंडाळायचे तो आज रिकामा होता. त्यांनी त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली आणि शेवटी हातातच धरून पाय फाकवत खाडीच्या वाटेला लागले. ते वळणाआड जाईपर्यंत मी आबांच्या जागेवरच बसून राहिले.