नवरीची वाटी

माझ्या पुतणीचे हात तिच्या लग्नात भाजले, ते माझ्या बायकोच्या मेहंदीमुळे नाही. माझ्यामुळे. बायकोने घरी कालवून ठेवलेल्या मेहंदीत मी कारखान्यातून आणलेली पूड मिसळली होती. परवापरवापर्यंत हे मी कुणापुढे बोललो नव्हतो. बायकोपुढे अजूनही बोललेलो नाही.

आम्ही बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत राहतो. मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, मोरिवलीच्या बाजूला, रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. साहेब म्हणतात मला तिथे. थोरला भाऊ अंबरनाथलाच बुवापाड्यात राहतो, वडिलांच्या वेळच्या घरात. पुतणी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी.

माझ्या बायकोला बाजारातली तयार वस्तू घेणं म्हणजे हार वाटायची. जुन्या साडीचे पडदे व्हायचे, पडदे विरले की उशांचे अभ्रे. उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्यांकडून ती कातरण वजनावर आणायची आणि त्यातून पिशव्या, पायपुसणी, मोबाईलचे बटवे शिवायची. तिथला दुकानदार तिला लांबून बघूनच हसायचा. "आओ भाभी, आज फिर मेरा कचरा ले जाओगी?" "भैया, तुम्हारा कचरा, मेरा पर्स," असं ती तोऱ्यात म्हणायची. बाल्कनीत सुपात संत्र्याच्या साली वाळत असायच्या. जास्वंद आणि कढीपत्ता घालून उकळलेल्या तेलाचा वास आमच्या जिन्यात पहिल्या मजल्यापासून यायचा. दिवाळीत अख्ख्या इमारतीला उटणं आमच्याकडून जायचं. आणि लग्नसराईत मेहंदीचे कोन.

मेहंदीचं तिचं काम बघण्यासारखं होतं. पूड जुन्या ओढणीतून चाळायची, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, पार पिठीसारखी होईपर्यंत. मग चहाचं कोरं पाणी, लिंबू, साखर, निलगिरीचे थेंब. कालवून ओल्या फडक्याखाली मुरत ठेवायची. नवरी असेल तर तिच्यासाठी मेहंदी वेगळ्या वाटीत काढायची, ती सगळ्यात बारीक चाळलेली. त्या वाटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ही रीत तिने तिच्या आईकडून आणलेली. "नवरीची वाटी आहे, बाजूला व्हा," असं ती मलाही म्हणायची.

मला या सगळ्याचं कौतुक होतं, असं मी आजवर सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. कारखान्यातलं कुणी घरी आलं की साडीचे पडदे मला बोचायचे. साहेबाच्या घरात हे काय, असं त्यांना वाटत असेल, असं मला वाटायचं. तिला मी तसं कधी बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित बरं झालं असतं.

पुतणीच्या साखरपुड्याला मेहंदी बायकोनेच काढली. नक्षी सगळ्यांना आवडली. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत वहिनीने मुलीचा हात धरून सगळ्यांसमोर वर केला.

"अगं, रंग असा विटकरीवरच कसा थांबला? शेजारच्या पोरीने पार्लरमधून काढून घेतली, तिची बघ. काळीशार! फोटोत कशी उठून दिसते."

"ताई, खरी मेहंदी काळी नसतेच," बायको म्हणाली. "उद्यापर्यंत अजून चढेल."

"चढेल गं. घरचं केलं की खर्च वाचतो, ते मला कळतं. पण एकच तर मुलगी आहे माझी." मग वहिनी माझ्याकडे वळली. "काय भावोजी, एवढा रंगांचा कारखाना तुमचा, आणि बायकोच्या मेहंदीला रंग नाही?"

सगळे हसले. मीही हसलो. बायकोने भाताचं भांडं उचललं आणि वाढायला लागली.

आता त्या पुडीबद्दल. केस काळे करण्याच्या रंगात जी वापरतात तीच ती. आमच्याकडे ती पोत्यांत भरली जायची. पॅकिंगला काम करणारी, केस पिकलेली माणसं त्यातली चिमूटभर कागदात बांधून घरी न्यायची, मेहंदीत घालून डोक्याला चोपडायची. "साहेब, नातवंडं आहेत मला, वाटतं का?" असं एकजण डोकं पुढे करून विचारायचा. गेटवर झडती असायची ती तांब्या-पितळेसाठी. खिशातली पुडी कोण बघणार? कधी कुणाची टाळू सोलवटायची, कुणाचे कान सुजायचे. तो दोन दिवस टोपी घालून यायचा आणि पुन्हा तेच करायचा. 'त्वचेला लागू देऊ नये' अशी मराठीत आणि हिंदीत सूचना लिहून भिंतीवर लावली होती ती मीच. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात मी तपासणीच्या नमुन्यातली थोडी पूड कागदात बांधली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

मेहंदीच्या दिवशी सकाळी बायको अंघोळीला गेली होती. ओट्यावर दोन भांडी होती, मोठं पातेलं बाकीच्यांसाठी आणि स्टीलची वाटी नवरीसाठी. मी वाटीवरचं ओलं फडकं काढलं, पूड घातली आणि चमच्याने ढवळली. चमचा धुतला, फडकं होतं तसं पसरलं. एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. ढवळताना मी उजव्या हातात प्लास्टिकची पिशवी चढवली होती. स्वतःचे हात जपायचं मला बरोबर आठवलं होतं.

संध्याकाळी बुवापाड्याच्या त्या खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. बायको पुतणीचे हात मांडीवर घेऊन कोपरापर्यंत नक्षी काढत होती. मी दाराशी खुर्ची घेऊन बसलो होतो.

"काकू, त्याचं नाव लपवून काढ हं. त्याला सापडता कामा नये."

"असं लपवते की तुलाही सापडायचं नाही. मग म्हणशील, काकूने दुसऱ्याचंच काढलं."

"बाई गं! आत्तापासून भांडण लावतेस होय?"

हशा झाला. बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खूश होती.

सकाळी रंग काळाभोर आला होता. वहिनीने मुलीचे दोन्ही हात खिडकीशी नेऊन पाहिले आणि जावेला जवळ ओढलं. "काय जादू केलीस गं? सासू हिला डोक्यावर घेऊन नाचणार बघ!" बायको बावरली. "या वेळी पाला चांगला लागला असेल," म्हणाली. परतताना रिक्षात ती स्वतःशीच पुन्हा म्हणाली, "निलगिरी थोडी जास्त पडली होती, त्यानेच असेल." मी म्हटलं, असेल. तिच्यासाठी केलं, तिला कुणी हसू नये म्हणून केलं, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घालून घेतली. ती समजूत मी बरीच वर्षं वापरली. पंगतीत हसू माझं झालं होतं. टोमणा मला लागला होता.

हळदीच्या दिवशी पुतणी हात खाजवत होती. "हळद लागली की थांबेल," बायका म्हणाल्या. लग्नात तिने हसून फोटो काढून घेतले, पण वरमाला घालताना तिची बोटं नीट वाकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सासरी सत्यनारायणाच्या पूजेला बसायच्या आधी हात कोपरापर्यंत सुजले. नक्षीच्या रेषा होत्या तिथे तिथे फोड उठले. पानं, वेली, मोर, सगळं फुगून वर आलेलं. हिरवा चुडा मनगटात रुतला. दवाखान्यात नर्सने फडकं गुंडाळून एक-एक बांगडी चिमट्याने तोडली. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नव्या नवरीचा अख्खा चुडा वाढवावा लागला, अजून पूजाही झाली नव्हती. तिची सासू नुसती बाहेर जाऊन बसली. ते वहिनीने पाहिलं.

मुलीला माहेरी आणलं तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. त्याच खोलीत. पुतणी आत झोपली होती. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा. वहिनीने चहा विचारला नाही.

"मी त्या दिवसापासून विचार करतेय," ती बायकोला म्हणाली. "मेहंदी आम्ही सगळ्यांनी काढली. मी काढली, माझ्या बहिणीने काढली. कुणाला काही नाही. मग माझ्याच मुलीला का?"

"ताई, मला खरंच कळत नाही."

"तिची वाटी वेगळी होती ना? का केली होतीस वेगळी? काय होतं त्यात?"

आम्हाला मूल नाही. ते वहिनी बोलली नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. बायको उभीच होती. "तिची जास्त चाळलेली होती, ताई. बाकी तेच सगळं," इतकंच तिला म्हणता आलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या बाजूने काहीतरी बोलेन म्हणून पाहिलं असणार.

मी म्हणालो, "वहिनी, कधी कधी पाल्यात भेसळ असते."

म्हणजे दोष मी तिच्या वाटीतच ठेवला. फक्त जरा सौम्य केला.

पुढच्या आठवड्यात तिने उरलेली मेहंदी, ओढणी, कोनांचे कागद सगळं पिशवीत भरलं आणि घंटागाडीत दिलं. मग तेल बंद झालं. "नको, कुणाच्या डोक्याला काही झालं तर?" दिवाळीत शेजारणी उटण्याचं विचारायला आल्या, तिने त्यांना दुकानाचं नाव सांगितलं. मला वाटलं शिवण तरी राहील. कापडाने कुणाला काय होणार? पण एक दिवस कातरणीची पिशवीही गेली. आमच्या घरात आता तयार पडदे आहेत. कारखान्यातलं कुणी आलं की छान म्हणतं. नातेवाइकांत लग्न निघालं की मेहंदीच्या दिवशी तिची कंबर दुखते. एकदा मी म्हटलं, जाऊन नुसती बसून तर ये. ती म्हणाली, "माझा हात वाईट आहे हो. नवरीला कशाला माझी सावली?" हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं, पंख्याचा वेग कमी करता करता. मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

तिला सांगायची संधी मिळाली नाही, असं नाही. रोज होती. आधी वाटलं, पुतणीचे हात बरे होऊ देत. ते झाले, पांढुरक्या रेषा उरल्या. मग वाटलं, आता विषय निघतच नाही, कशाला काढा? नोकरीची भीती होती. भावाची होती. सगळ्यात जास्त भीती होती ती बायको माझ्याकडे कशी बघेल याची.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. पुतणीचे केस पांढरे व्हायला लागलेत; तिने बाजारातून केसांचा रंग आणून घरीच लावला होता. चेहरा सुजून डोळे मिटले, श्वास लागला, रुग्णालयात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी काळ्या रंगाची मेहंदी लावली होती का? ती म्हणाली, नाही, लग्नात लावली ती काकूच्या हातची, घरगुती. भाऊ हे मला सहज सांगत होता. ती पूड एकदा अंगाला चावली की अंग ते जन्मभर लक्षात ठेवतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या गप्प बसण्याने पुतणी मेलीही असती.

ती घरी आल्यावर मी कारखान्याच्या आवारातून तिला फोन केला. जे घडलं ते सांगितलं. रसायनाचं नाव सांगितलं, डॉक्टरांना दे म्हटलं, केसांचा काळा रंग आयुष्यात पुन्हा लावू नकोस म्हटलं.

"काका, काकूला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे इतकी वर्षं ती..." तिचा आवाज बदलला. "माझे हात सुजले तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती. मला म्हणाली, माझ्याकडून काय चुकलं ते मला सांग. मी काय सांगणार होते? आई तर अजून तिला हळदीकुंकवाला बोलावत नाही."

"मी सांगणार आहे तिला."

"कधी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझं मी बघेन," ती म्हणाली. "मला माफी वगैरे नको, निदान आत्ता नको. पण काकू मला भेटली आणि तिने विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही." तिने फोन ठेवला.

म्हणून हे लिहायला बसलो. तोंडाने येत नाही ते हाताने आधी येतंय का, पाहिलं. आलं आहे. पण हे वाचायला बायकोच्या पुढ्यात ठेवून मी बाहेर निघून जाणं, ही पुन्हा तीच पळवाट होईल.

मला तिला समोर बसवून सांगायचं आहे की वाटीत तिच्या हातचं जे होतं ते चांगलं होतं, वाईट होतं ते मी घातलेलं. मग तिची तयारी असेल तर तिच्यासोबत, नसेल तर एकट्याने बुवापाड्याला जाऊन हेच वहिनीला आणि भावाला सांगायचं आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, हे तिने ठरवायचं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही. पण तिचं एवढं देणं मी लागतो.