उगीचभाऊ

काही बिघडलेलं नसताना येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या महिला दूध संस्थेत कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग दर महिन्याला दूध संघाचे हे कॉम्प्युटरवाले भाऊ परळीहून एसटीने यायला लागले. मी चेअरमन, म्हणून पहिल्या खेपेलाच विचारलं, "भाऊ, मशीन तर चालू हाय. आलात कावून?"

"उगीच. बघून जातो."

झालं! बायकांनी नाव ठेवलं उगीचभाऊ. खरं नाव दूध संघाच्या कागदावर असेल, आमच्या तोंडी कधी आलं नाही.

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे वायरमन येतो तो लाईट गेल्यावर, ढोरांचा डॉक्टर येतो तो म्हैस आडवी झाल्यावर, तेही दहादा बोलावून. न बोलावता येणाऱ्याचा अर्थच लागेना. हे यायचे, चांगल्या चालत्या मशीनचं झाकण काढायचे आणि आतली धूळ ब्रशने झाडत बसायचे. तोंड चालूच. "आमच्या परळीत वीज केंद्राची राख भाकरीवरबी बसती, मावशी. तुमची तर साधी धूळ हाय." जाताना मशीनमधलं सगळं एका बोटाएवढ्या कांडीत उतरवून घ्यायचे.

त्या कांडीनं तर आमची झोप उडवली. दूध मोजणारी सुनंदा माझ्या कानाला लागायची, "मावशी, ह्यो आपलं सगळं खासगी डेअरीला नेऊन देत न्हाई ना?" मला तरी काय ठाऊक? चहा देताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. तोंड चोराचं वाटायचं नाही, पण चोराचं तोंड कसं असतं तेही कुठं माहीत होतं!

मग तो दुष्काळ आला. विहिरी आटल्या, पाणी टँकरचं. म्हशी निम्म्यावर आल्या. संघानं कळवलं, ज्या गावाचा दुधाचा आकडा मशीनवरून रोज येणार नाही, तिथली दुधाची गाडी बंद. गाडी बंद म्हणजे आमच्या कितीतरी घरांची चूलच बंद.

त्या उन्हाळ्यात उगीचभाऊ बजावून गेले, "ऊन लई हाय. मशीन तापू देऊ नका." दूध तापू नये म्हणून आम्ही कॅनला ओलं गोणपाट गुंडाळतो. तेच केलं! सुनंदा घरून तांब्याभर पाणी आणायची अन् मशीनवरचं गोणपाट भिजवायची. मला तर तिचं कौतुकच वाटलं. एके दिवशी मशीन गप्पकन बंद. नेमके दुपारी उगीचभाऊ दारात. धावत येऊन आधी वायर उपटली.

"मावशी, ह्यो काय दुधाचा कॅन हाय का?"

"तुमीच म्हणलात तापू देऊ नका!"

त्यांनी कपाळाला हात लावला. मग गोणपाट पिळत विचारलं, "पाणी कुठलं?"

"घरचं. प्यायचं," सुनंदा म्हणाली.

त्यांनी गोणपाट हळूच घडी करून बाजूला ठेवलं. आमचं मशीन उन्हात वाळत ठेवलं, शाळेतला जुना कॉम्प्युटर मागून आणला आणि खिशातली कांडी त्याला लावली. आमच्या सगळ्याजणींची नावं पडद्यावर उमटली. सुनंदा माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे. संध्याकाळचा आकडा वेळेत गेला. गाडी आली. वाळल्यावर आमचं मशीनही सुरू झालं.

त्यानंतर काहीच बिघडलं नाही, अन् तेच त्यांना नडलं. संघ म्हणाला, बिघडत नाही तिथं माणूस कशाला पाठवायचा? मी भांडायला गेले. "आमचं मशीन त्यांच्यामुळंच चालतंय," म्हटलं. साहेब म्हणाले, "कशावरून?" आता जे घडलंच नाही ते कुठून आणून दाखवू? तशीच परत आले.

शेवटच्या खेपेला त्यांनी झाकण सुनंदाला काढायला लावलं. ती एकेक स्क्रू जपून काढत होती, हे शेजारी बसून परळीच्या गप्पा मारत होते. एसटीपर्यंत मी सोबत गेले. "आता कधी येणार, भाऊ?"

"आता बिघडलं की, मावशी."

मशीन अजून चालतंय, गाडी रोज येते. म्हणजे बरंच चाललंय म्हणायचं. पण कधी कधी ते जरा अडखळलं की मला उगीच आनंद होतो, आणि लगेच भीतीही वाटते. देवापुढं हात जोडते, पण मागायचं काय, ते काही ठरत नाही.